फुलहॅम ते केडगाव : पंडिता रमाबाईंची प्रार्थना

पंडिता रमाबाई हे नाव आपल्यापैकी बहुतेकांना शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात भेटलेलं असतं. आर्य महिला समाज, शारदा सदन आणि स्त्रीशिक्षण, एवढं लिहिलं की दोन मार्कांचं उत्तर पूर्ण व्हायचं. फार तर शेवटी मुक्ती मिशन. बाकीच्या रमाबाई पुस्तकाबाहेरच राहिल्या, आणि सगळ्यात जास्त बाहेर राहिली ती त्यांची प्रार्थना. पुण्याच्या मंडळींशी त्यांचं बिनसलं ते मुळात प्रार्थनेवरून. केडगावच्या उजाड माळावर जवळजवळ दोन हजार बायकामुलींचा संसार त्यांनी उभा केला, तोही त्यांच्या हिशेबाने प्रार्थनेच्याच जोरावर. ही बाजू वगळून रमाबाई सांगायच्या म्हणजे तुकोबा सांगायचे आणि विठ्ठलाचं नाव काढायचं नाही, असं होतं. म्हणून या अंकासाठी लिहायला घेतलं तेव्हा ठरवलं की तेवढंच लिहायचं. मी इतिहासाचा अभ्यासक नाही, कॉम्प्युटरवाला माणूस आहे. पण ज्या गोष्टीचं उत्तर सरळ मिळत नाही तिच्यामागे लागायची सवय या धंद्यात लागतेच.

उत्तर सरळ मिळत नाही ते अशासाठी की प्रार्थनेवर विश्वास न ठेवायला रमाबाईंइतकं सबळ कारण फार थोड्या माणसांकडे असेल.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, कर्नाटकातल्या सह्याद्रीत गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे चित्पावन, मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवायचं एवढ्या हट्टापायी गावातल्या शास्त्र्यांशी वाकडं घेऊन ते रानात जाऊन राहिले होते. आई लक्ष्मीबाईंनी रमाला पहाटे उठवून भागवताचे श्लोक पाठ करून घेतले. पुढे कर्ज झालं, घर मोडलं, आणि हे कुटुंब तीर्थयात्रेला निघालं ते कायमचंच. देवळात पुराण सांगायचं, मिळेल त्या दक्षिणेवर जगायचं. मागून घेणं किंवा मजुरी करणं पंडिताच्या घराण्याला शोभत नव्हतं. दक्षिण भारतात दुष्काळ पडला तेव्हा होतं नव्हतं ते त्यांनी दानधर्मात, व्रतात, अनुष्ठानात घातलं. देव पावेल, धन मिळेल, म्हणून उपासतापास केले. भांडी विकली, दागिने विकले. शेवटी रानातली पानं खाल्ली. १८७४ मध्ये वडील गेले, थोड्याच आठवड्यांत आई गेली, मागोमाग थोरली बहीण गेली. रमा सोळा-सतरा वर्षांची. भाऊ श्रीनिवास आणि ती, दोघं उरली. अनवाणी पायी पार पंजाब-काश्मीरपर्यंत गेली. झेलमच्या काठी थंडीत अंगावर पांघरूण नाही म्हणून वाळूत खड्डे करून त्यात स्वतःला पुरून घेऊन रात्र काढलेली ही मुलगी. देवाला सगळं वाहून झालं होतं आणि देवाकडून काही आलं नव्हतं, हा तिचा रोकडा अनुभव.

पुढचा भाग आपल्याला माहीत असतो, तो भराभर सांगतो. १८७८ मध्ये दोघं कलकत्त्याला पोहोचली. वीस वर्षांच्या मुलीचं संस्कृत ऐकून तिथले पंडित थक्क झाले आणि त्यांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न. दोघांची जातही वेगळी, प्रांतही वेगळा. १८८१ मध्ये मनोरमा झाली. फेब्रुवारी १८८२ मध्ये नवरा कॉलऱ्याने गेला. तेविसाव्या वर्षी विधवा, कडेवर मूल, अशा त्या पुण्याला आल्या. पुण्याने त्यांना डोक्यावर घेतलं. आर्य महिला समाज निघाला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक निघालं, हंटर कमिशनपुढे साक्ष झाली. पुस्तकाच्या विक्रीतून बोटीच्या तिकिटाचे पैसे जमले आणि १८८३ मध्ये वैद्यकी शिकण्याच्या इराद्याने त्या इंग्लंडला गेल्या. कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे वैद्यकी राहूनच गेली.

इंग्लंडमध्ये त्या उतरल्या वाँटेज इथल्या सेंट मेरी व्हर्जिन या भगिनीसंघाच्या आश्रमात. या सिस्टर्सचं काम पुण्यातही होतं, तिथली ओळख. या सिस्टर्सनीच त्यांना एकदा लंडनमध्ये फुलहॅमला नेलं. आज फुलहॅम म्हटलं की आपल्या मुलांना फुटबॉल आठवेल. त्या वेळी तिथे या भगिनींचं एक घर होतं. लंडनच्या रात्रीच्या रस्त्यांवर ज्या बायका विकल्या जात, त्यांना तिथून काढून या घरात आणत. व्हिक्टोरिया राणीचं लंडन जगातलं सर्वांत श्रीमंत शहर होतं आणि त्याच शहरात असे मोहल्ले होते की अंधार पडल्यावर सभ्य माणूस तिथे पाऊल टाकत नसे. तिथून आलेल्या बायका इथे स्वच्छ कपड्यात, दुखणेकऱ्यांची सेवा करताना रमाबाईंनी बघितल्या. दिवसाची सुरुवात प्रार्थनेने, शेवट प्रार्थनेने, आणि मधल्या वेळात कपडे धुणं, जखमा बांधणं, स्वयंपाक.

त्यांना धक्का बसला तो या गोष्टीचा की या बायकांना घरात घेणाऱ्या सिस्टर्सना त्यांची किळस वाटत नव्हती. धर्मशास्त्र त्यांना मुखोद्गत होतं. वाट चुकलेल्या बाईला शास्त्रात शिक्षा काय काय सांगितल्या आहेत हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. असं का करता, असं त्यांनी तिथल्या सिस्टरला विचारलं, तेव्हा तिने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. पाच नवरे झालेली ती बाई, भर दुपारी एकटी पाण्याला आलेली, आणि येशू तिच्याकडे पाणी मागतो आणि धर्मातलं सगळ्यात खोल बोलणं तिच्याशी करतो. रमाबाईंच्या पुढच्या सगळ्या आयुष्याची किल्ली मला या एका भेटीत दिसते.

आता इथे आपल्यासारख्याच्या मनात येतंच की आपल्याकडे कान्होपात्रा नव्हती का? मंगळवेढ्याच्या नायकिणीची मुलगी, आणि संतांच्या मांदियाळीत तिला जागा मिळाली. खरंच आहे. पण जिवंत कान्होपात्रेला पाठीमागे शिपाई लागलेले असताना दार उघडून आत घेणारं घर कोणतं होतं, हा प्रश्न वेगळा आहे. रमाबाईंना तसं घर पाहिजे होतं. ते त्यांना फुलहॅमला दिसलं.

२९ सप्टेंबर १८८३ ला वाँटेजच्या चर्चमध्ये त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्याच सुमाराला त्यांच्यासोबत पुण्याहून आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथे आत्महत्या केली होती, हेही विसरून चालत नाही. परक्या देशात धर्म बदलण्याचं दडपण एका मैत्रिणीला कुठे घेऊन गेलं ते रमाबाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं. महाराष्ट्रात गहजब झाला. जोतिराव फुले मात्र १८८५ च्या सत्सारमध्ये त्यांच्या बाजूने उभे राहिले.

ख्रिस्ती झाल्या म्हणून त्या मुकाट्याने सगळं मान्य करणाऱ्या नव्हत्या. त्रैक्याच्या सिद्धान्तावरून सिस्टर जेराल्डिनशी त्यांनी लांबलचक पत्रांतून वाद घातले. पुडिंगमध्ये अंडं असतं म्हणून ते खायला नकार दिला. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, इथपर्यंत भांडण. शेवटपर्यंत त्या शाकाहारी राहिल्या आणि नेसणंही आपलंच ठेवलं. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या शिकत आणि शिकवत असताना, त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं का, यावरून हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. त्यातले एक लाहोरचे बिशप थॉमस व्हॅल्पी फ्रेंच. या नावाशी आपण मस्कतकरांनी क्षणभर थांबायला हवं. हेच फ्रेंच पुढे बिशपपद सोडून उतारवयात ओमानला आले. फेब्रुवारी १८९१ मध्ये ते उतरले, मत्राला घर घेऊन राहिले, गल्लीच्या तोंडाशी बसून येईल त्याला अरबीतून बायबल वाचून दाखवू लागले. मे महिन्याच्या उन्हाने त्यांचा बळी घेतला. १४ मे १८९१ ला ते वारले आणि मस्कतजवळच्या समुद्रकाठच्या एका लहानशा खाचेत त्यांना पुरलं. आपण कॉर्निशवर संध्याकाळी फिरायला जातो तिथून हे सगळं काही लांब नाही. रमाबाईंना शिकवू द्यावं की नाही याचा काथ्याकूट करणारा माणूस इथे येऊन आपल्या प्रार्थनेसाठी असा मेला, हे वाचलं तेव्हा त्याच्यावरचा माझा राग अर्धा झाला.

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभाला रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या. तो दिवस ११ मार्च. अमेरिकेत त्यांनी गावोगाव व्याख्यानं दिली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीचं इंग्रजी पुस्तक लिहिलं, आणि १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झालं. दहा वर्षं पैसे देऊ, शाळेत धर्मप्रचार नको, असा करार. ११ मार्च १८८९ ला मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडलं. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, त्यांचं पुढे धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं आणि त्या बाया कर्वे झाल्या. त्या लग्नाचीही तारीख ११ मार्चच, साल १८९३. तारखा जुळल्या की आमच्यासारख्यांना उगीच बरं वाटतं.

१८९० च्या अखेरीस सदन पुण्याला आलं. इथे दार उघडं ठेवण्याचा प्रसंग येतो. सदनात जातीचे नियम पाळायला पूर्ण मुभा होती. मुलींनी तुळशीला पाणी घालावं, पूजा करावी, कोणी अडवत नव्हतं. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन प्रार्थना करत. त्या खोलीचं दार त्या लावून घेत नसत. मग एखादी मुलगी येऊन कोपऱ्यात बसे. मग दुसरी. बोलावणं कोणाला नव्हतं आणि जा असंही कोणी म्हणत नव्हतं.

पुणेकरांचं म्हणणं, दार उघडं ठेवणं हेच आमंत्रण आहे. बालविधवा, घरातून टाकून दिलेल्या, आयुष्यात पहिल्यांदा कोणी प्रेमाने जवळ घेतलेल्या. या मुली ज्या बाईला आई मानतात ती जिथे हात जोडते तिथे त्या हात जोडणारच. याला मोकळीक म्हणायचं का? रमाबाईंचं म्हणणं, माझ्या घरात मी माझ्या देवाची प्रार्थना दार लावून, चोरून का करावी? केसरीने हे प्रकरण लावून धरलं. ऑगस्ट १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडलं. वीस-पंचवीस मुली पालकांनी काढून नेल्या. बोस्टनच्या मंडळाने मात्र रमाबाईंवरचा विश्वास काढून घेतला नाही.

मला स्वतःला दोन्ही बाजू पटतात आणि त्यामुळे निकाल देता येत नाही. गोदूबाई त्या घरात काही वर्षं राहिल्या आणि हिंदूच राहिल्या, हा रमाबाईंच्या बाजूचा भक्कम पुरावा. पण केसरीची शंका अगदीच हवेतली होती असं पुढची हकीकत वाचल्यावर म्हणवत नाही.

दरम्यान त्यांच्यात आतून एक बदल झाला होता. १८८३ चा बाप्तिस्मा बुद्धीने पटला म्हणून घेतलेला होता, मनाला शांती मिळाली नव्हती, ती १८९१ च्या सुमारास मिळाली, असं त्या सांगत. तेव्हापासून देवाकडे नेमकं मागायचं आणि नेमकं मिळेल असं धरून कामाला लागायचं, ही त्यांची पद्धत झाली. ब्रिस्टलमध्ये कोणाकडे हात न पसरता हजारो अनाथ मुलं सांभाळणाऱ्या जॉर्ज म्युलरचं चरित्र त्यांनी वाचलं होतं. १८९५ च्या सुमारास त्या वृंदावनला गेल्या. पंडिता म्हणून गेल्या तर काहीच दिसणार नाही, म्हणून गरीब यात्रेकरणीचं सोंग घेतलं, फाटकं नेसून गल्ल्यांतून हिंडल्या. देशाच्या कानाकोपऱ्यातून मोक्षाच्या आशेने आलेल्या विधवा तिथे होत्या. तरुण विधवेला यात्रेच्या वाटेवरच गाठून, गोड बोलून, पैसे काढून घेऊन, मग कुठल्या तरी कोठडीत ठेवणारे दलाल तिथे होते. भजनाच्या आवाजात हे सगळं चालत होतं. अशा ठिकाणी ओळख पटली असती तर काय झालं असतं याचा विचार त्यांनी केलाच असेल. तरी तिथून काही जणींना सोबत घेऊन त्या परतल्या. लंडनच्या रस्त्यावरची बाई आणि वृंदावनातली विधवा यांच्यात त्यांना फरक दिसेना.

१८९६ मध्ये लोणावळ्याला ख्रिस्ती लोकांचं एक प्रार्थना शिबिर होतं. रमाबाई पंधरा मुलींना घेऊन गेल्या. त्या पंधरा जणी ख्रिस्ती झाल्या होत्या. पहाटे रानात एकटीने बसून त्यांनी देवाकडे मागणं मागितलं की पुढच्या शिबिरापर्यंत या संख्येचा वर्ग होऊ दे. पंधराचा वर्ग, म्हणजे २२५. शारदा सदनात तेव्हा तेवढ्या मुलीच नव्हत्या! इतकं गणिती मागणं मी दुसऱ्या कुठल्या भक्ताच्या चरित्रात वाचलेलं नाही. आणि पुण्याची शंका खरी ठरते तीही इथेच. त्यांना मुली ख्रिस्ती व्हायला हव्या होत्या, हे त्या लपवत नव्हत्या.

त्याच वर्षी मध्य प्रांतात दुष्काळ पडला. वर्तमानपत्रातल्या बातम्या वाचून त्यांना झेलमचा काठ आठवला असणार. पैसे हातात नव्हते, जागा नव्हती, तरी त्या निघाल्या. सरकारी गरीबखान्यांत आणि खडी फोडायच्या कामांवर त्यांनी जे बघितलं ते भुकेपेक्षा वाईट होतं. हाडांचे सापळे झालेल्या मुली, आणि त्यांच्यातल्या बऱ्या दिसणाऱ्यांवर टपलेली माणसं. मूठभर दाण्यांसाठी मुलगी मिळत होती. रमाबाईंनी तीनशे जणींना तिथून आणलं. २२५ मागितल्या होत्या, ७५ वर आल्या.

आणलं, पण ठेवायचं कुठे? पुण्यात प्लेग शिरला होता. शहरात एवढी माणसं आणायला सरकारची मनाई. पुण्याहून सोलापूरच्या रेल्वेवर केडगावला शेतीसाठी म्हणून त्यांनी शंभर एकर जमीन घेऊन ठेवली होती. तिथे झोपड्या उभारल्या आणि मुलींना तिथे नेलं. मुक्तीची सुरुवात ही अशी घाईघाईत झालेली आहे, कोणताही प्लॅन नव्हता.

प्लेगचं पुणं हेही तेव्हा धोक्याचंच शहर होतं. गोरे सोजीर घरात शिरून तपासणी करत. २२ जून १८९७ ला रँडवर गोळी झाडली गेली ती याच संतापातून. त्याच्या आधीच, मे महिन्यात, रमाबाईंनी बॉम्बे गार्डियनमध्ये पत्र लिहून सरकारी प्लेग व्यवस्थेवर उघड टीका केली होती. त्यांची एक मुलगी इस्पितळात नेली गेली आणि तिची तिथे अब्रू राखली गेली नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. प्रकरण विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेलं. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्टने आरोप नाकारले. ज्या बाईला पुण्यात सरकारची आणि मिशनऱ्यांची हस्तक म्हणत, तिने इंग्रज सरकारला असं धारेवर धरलं, हे फारसं कोणी आठवत नाही.

१९०० मध्ये गुजरातचा दुष्काळ आला आणि केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. प्रत्येक गटासाठी वेगळं घर, मुक्ती सदन, प्रीती सदन, आंधळ्यांसाठी बारतमी सदन. तिथे मनोरमेने ब्रेल शिकवायला सुरुवात केली. आणि एक कृपा सदन, रस्त्यावरून, बाजारातून, दलालांच्या हातून सुटून आलेल्या बायकांसाठी. फुलहॅमला बघितलेलं घर सोळा वर्षांनी केडगावच्या माळावर उभं राहिलं. सांभाळायला हे घर सर्वांत अवघड होतं. बायका पळून जात, परत येत, भांडत, आजारी असत. परत आलेलीला रमाबाई आत घेत.

खर्चाची व्यवस्था काय, असा प्रश्न आपल्याला पहिला पडतो. बोस्टनच्या कराराची दहा वर्षं संपली होती. शारदा सदनाला पुढेही अमेरिकेतून मदत येत राहिली, पण मुक्तीसाठी कोणाचंही वार्षिक आश्वासन नव्हतं. आज दोन हजार माणसांचं पीठ संपलं तर उद्याचं कुठून, याला उत्तर प्रार्थना. मात्र या प्रार्थनेत आणि अनंतशास्त्र्यांच्या अनुष्ठानात मोठा फरक होता. केडगावला विहिरी खोदल्या, फळबाग लावली, गाई पाळल्या, तेलाचा घाणा बसवला, हातमाग बसवले, छापखाना घातला. ही सगळी कामं बायका करत. टाइप जुळवणाऱ्या बायका, यंत्र चालवणाऱ्या बायका, हिशेब लिहिणाऱ्या बायका. डोंगऱ्यांच्या घरात मजुरी कमीपणाची होती म्हणून माणसं उपाशी मेली. त्या घरच्या मुलीने हे सगळं उभं केलं. शिवाय मुक्ती प्रेअर बेल नावाचं इंग्रजी पत्रक निघायचं, ते देशोदेशी जायचं. म्हणजे देवाकडे मागायचं आणि काय मागितलं ते जगाला कळवायचंही. चेष्टा करत नाही, पण फंडिंगची ही रीत मला फार हुशारीची वाटते.

जानेवारी १९०५ मध्ये त्यांनी रोज एकत्र प्रार्थनेला कोण येणार असं विचारलं. सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत दिवसातून दोनदा साडेपाचशे जणी जमू लागल्या. वेल्समध्ये त्याच सुमारास धार्मिक जागृतीची लाट उठली होती, तिच्या बातम्या इथपर्यंत आल्या होत्या. २९ जूनच्या रात्री एका मुलीला आपल्या अंगात आग शिरल्यासारखं झालं. शेजारची मुलगी खरंच आग लागली समजून पाण्याची बादली आणायला धावली. त्यानंतर काही महिने केडगाव एखाद्या मोठ्या वारीसारखं गाजत होतं. शेकडो मुली एकाच वेळी मोठमोठ्याने प्रार्थना करत, रडत, हसत. मिनी एब्रम्स या अमेरिकन सहकारी बाईंनी त्यावर पुस्तक लिहिलं आणि जगाच्या पाठीवरच्या पेंटेकोस्टल चळवळीच्या इतिहासात केडगावचं नाव कायमचं गेलं. पुष्कळ गोऱ्या मिशनऱ्यांना हा आरडाओरडा आवडला नाही. रमाबाईंनी तो थांबवला नाही. हिंदुस्थानी बाई देवापुढे इंग्रजी चर्चमधल्यासारखी गप्प का बसेल, असं त्यांना वाटत असावं. कीर्तनातच लहानपण गेलेली बाई ती. मग या मुलींच्या टोळ्या आसपासच्या गावांत जाऊ लागल्या.

इथे एक गोष्ट टोचत राहते. दुष्काळात उचलून आणलेली आठ-दहा वर्षांची पोर, जिला खायला या घरात मिळालं, जिने भीमेच्या पात्रात बाप्तिस्मा घेतला, तिने धर्म निवडला असं म्हणता येईल का? १८९३ च्या शारदा सदनात निदान शेजारी तुळस होती. केडगावला दुसरं काही नव्हतंच. पण त्या पोरीला मध्य प्रांतातल्या गरीबखान्याच्या दारात जे दुसरं गिऱ्हाईक भेटणार होतं, ते कोण होतं हेही रमाबाईंनी पाहिलं होतं, आणि पुण्यातून तिला आणायला दुसरं कोणी त्या गाडीत बसलेलं नव्हतं.

शेवटची पंधरा-सोळा वर्षं रमाबाईंनी एका अवाढव्य कामाला दिली. सबंध बायबल मुळातून मराठीत. त्यासाठी पन्नाशीच्या घरात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. आधीच्या भाषांतराची मराठी संस्कृतने जड झालेली आहे, खेड्यातल्या बाईला ती कळत नाही, असं त्यांचं मत. संस्कृतच्या पंडितेने संस्कृत काढून टाकायला बसावं, यात गंमत आहे. भाषांतर त्यांचं आणि जुळारी, छपाई मुक्तीच्या मुलींची. १९१९ मध्ये सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिलं. १९२१ मध्ये मनोरमा वारली, चाळीस वर्षांची. आईनंतर मुक्ती तिनेच चालवायची असं सगळे धरून चालले होते.

रमाबाई प्रुफं तपासत राहिल्या. केडगावला असं सांगतात की तब्येत फार ढासळली तेव्हा त्यांनी देवाकडे आणखी दहा दिवस मागून घेतले, उरलेली प्रुफं पुरी होण्यापुरते. ५ एप्रिल १९२२ च्या पहाटे त्या झोपेतच गेल्या. पूर्ण बायबल छापून बाहेर आलं ते त्यांच्या मागे. १९८९ मध्ये भारत सरकारने त्यांचं टपाल तिकीट काढलं. केडगावची संस्था आजही चालू आहे. पुण्याहून दौंडकडे जाताना वाटेत केडगाव स्टेशन लागतं, आणि मुक्तीच्या आवारात आजही टाकलेल्या बायका आणि मुली राहतात.